ड्रायव्हरसकट

"आणि ड्रायव्हर? तो इंजिनाबरोबरच येतो ना?"

जुनी मोटार घेताना माणूस स्टेपनीची चौकशी करतो, तितक्या सहज हॉटेलवाल्याने हे विचारलं. धाकट्याच्या तोंडात चहाचा घोट होता. तो त्याने गिळला, पण गिळल्यावरही तो तोंडातच आहे असं त्याला वाटत राहिलं. कोमट, गोडूस, दुसऱ्या कुणीतरी आधी पिऊन परत कपात सोडल्यासारखा. पन्नाशी उलटली तरी जुन्या डिझेल इंजिनांच्या या धंद्यात सगळे त्याला धाकटाच म्हणत, कारण थोरला, त्याचा दादा, खाली यार्डात उभा होता. ऑफिसच्या खिडकीतून तो दिसत होता. निळा गणवेश, पितळी बटणं, काळी टोपी, आणि एक हात इंजिनाच्या पायरीवर. हॉटेलवाला त्याच्याकडेच बघत होता. "कसं आहे," तो म्हणाला, "पाहुणे इंजिन बघायला येतील, पण ऐकायला यांना येतील. आज काय बोलले हो ते! माझ्या अंगावर काटा आला. बागेला वळसा घालून रूळ टाकलेत, मागच्या बाजूला खोली आहे, जेवणखाण आमच्याकडे. त्यांचं सगळं मी बघेन." धाकटा म्हणाला, "विचारून सांगतो." म्हणताक्षणीच त्याला कळलं, की या धंद्यात 'विचारून सांगतो' म्हणजे 'हो'. त्याच्यापुढे फक्त घासाघीस उरते.

जाताना हॉटेलवाल्याने हात मिळवला. मऊ, ओलसर हात. असल्या हातांची धाकट्याला सवय होती. सवय कसली, त्याचा संसारच असल्या हातांवर चालला होता. तरीही तो गेल्यावर त्याने कोपऱ्यातल्या बेसिनवर हात धुतले, पुन्हा धुतले आणि हुंगून पाहिले. साबण, डिझेल, आणि त्याच्याखाली काहीतरी आंबूस. गोद्या, खाणी, सिमेंटचे कारखाने यांनी टाकून दिलेली इंजिनं तो उचलायचा. ज्यांनी ती उभा जन्म राबवली ते ती वजनावर विकायचे, मागे वळूनसुद्धा बघायचे नाहीत. आणि ज्यांनी जन्मात हाताला काळं लावून घेतलं नाही ते त्याच इंजिनांवर जीव टाकायचे. दातांचे डॉक्टर, वकील, बिल्डर. त्यांचं ते प्रेम त्याला बघवत नसे. इंजिनाच्या थंडगार पत्र्यावर गाल टेकवून डोळे मिटणारा वकील त्याने पाहिला होता. एकाने गंजाचा पापुद्रा नखाने सोडवून हातरुमालात बांधून नेला आणि जाताना सांगितलं, "हा गंज अस्सल आहे, बरं का." अस्सल होताच तो. यार्डातला मिस्त्री दर आठवड्याला मिठाचं पाणी शिंपडून त्याची निगा राखत असे. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच, असं बायको एकदा बोलून गेली होती, तेव्हा तो हसला होता. "मी लोणी विकतो," म्हणाला होता, "खातात ते." आपल्या या उत्तरावर तो त्या दिवशी बेहद्द खूश होता. आता बेसिनपाशी ते आठवलं आणि त्याला स्वतःचे त्या दिवशीचे दात दिसले, हसताना उघडे पडलेले.

दादा या धंद्यात शिरला तो अपघातानेच. आयुष्यभर मालधक्क्यावर डिझेल इंजिन चालवून तो निवृत्त झाला, वहिनी गेली, आणि एक ट्रंक घेऊन तो धाकट्याकडे राहायला आला. वेळ जात नाही म्हणून यार्डात येऊन बसायचा. एकदा एक अडेलतट्टू गिऱ्हाईक काही केल्या वळत नव्हतं. दादा इंजिनात चढला, चालू करून दाखवलं, आणि उतरता उतरता म्हणाला, "असल्याच एकीवर मी म्हातारा झालो." गिऱ्हाइकाचे डोळे भरून आले. सौदा तिथल्या तिथे झाला. पुढच्या वेळी धाकट्याने आपण होऊन त्याला बोलावलं. मग गणवेश आला. दादाच्या खऱ्या गणवेशाने केव्हाच फरशा पुसून झाल्या होत्या, म्हणून शिंप्याकडून नवा शिवून घेतला, आणि मिस्त्रीने तो धुऊन धुऊन, उन्हात टाकून टाकून जुना केला. मग वाक्यं आली. "हिच्यावर जन्म काढला, साहेब. हिच्या शिट्टीवर आमच्या घरचं घड्याळ लावायचे. शेवटच्या दिवशी बंद करायला गेलो तर बंद होईना. दांडा ओढतोय, ओढतोय, आणि ही आपली धडधडतेय. तिला कळलं होतं." 'तिला कळलं होतं' या शब्दांवर दादाच्या डाव्या डोळ्यातून पाणी यायचं. डाव्याच, उजव्याचं ऑपरेशन झाल्यापासून तो कोरडा असायचा. यार्डात आलेलं प्रत्येक इंजिन म्हणजे तेच इंजिन. घरी बोलताना दादा इंजिनाला 'ते' म्हणायचा, यार्डात गिऱ्हाईक दिसलं की 'ही'. आणि गंमत अशी, की त्याचं खरं इंजिनही मध्यंतरी एका लिलावातून यार्डात आलं होतं. दादाने त्याला एक चक्कर मारली, सीट दाबून पाहिली आणि म्हणाला, "कापायला दे. या सीटने माझी कंबर खाल्ली." त्या दिवशी त्याच्या कुठल्याच डोळ्यात पाणी नव्हतं. गॅसच्या ज्योतीने त्या इंजिनाचे तुकडे होत असताना तो सावलीत बसून शेंगा सोलत होता. धाकट्याला ते तेव्हा फार मोकळं, फार मर्दानी वाटलं होतं. किळस यायला लागली ती नंतर, हळूहळू. रोजच्या त्या डाव्या डोळ्याची.

आजही तेच झालं होतं. हॉटेलवाला येण्याआधी, सकाळी, इंजिन चालवून तापवून घेतलं होतं, कारण जुनं इंजिन गारठलेलं असताना पटकन उठत नाही. मग आतलं गरम पाणी सोडून गार पाणी भरायचं आणि वरून ओली पोती टाकायची. जाणकार गिऱ्हाईक आधी इंजिनाला तळवा लावून बघतं, की याला आधीच गरम तर केलेलं नाही? तळव्याला गार लागलं पाहिजे. हीच करामत मागे एका गिऱ्हाइकासाठी याच इंजिनावर घाईघाईत केली होती. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं आणि आतून टक्क असा आवाज आला. खालच्या अंगाला चीर गेली होती. मिस्त्रीने चिरेत लांबी, रंगारी भरतात ती पुट्टी, भरली, घासली, वरून रंग मारला, आणि रंग नवा दिसू नये म्हणून त्यावर डब्यातली काजळी चोपडली. असं इंजिन बागेत सावकाश फिरवलं तर एखादा हंगाम निघेल, मग एका दिवशी तेलात पाणी जाईल आणि संपेल. तोवर विकणारा कानांवर हात ठेवायला मोकळा. विचारल्याशिवाय सांगायचं नाही, हा धंद्यातला पहिला नियम. हॉटेलवाल्याने तळवा लावला, मान डोलावली, इंजिन पहिल्या फटक्यात उठलं, आणि तिला कळलं होतं, आणि डावा डोळा.

संध्याकाळी घरी दार उघडताच बामाचा वास आला. हा वास आताशा पडद्यांना, उशांना, सोफ्याच्या कापडाला धरून बसला होता. दादा हॉलमधल्या सोफ्यावर झोपायचा. घरच्यांना जाग यायच्या आत उठून, पांघरूण घडी करून, सोफा जसाच्या तसा करून खिडकीपाशी बसायचा. इतक्या बेताने, की तो तिथे झोपतो हे पटू नये. पण त्याच्या खाकरण्याला बेत नव्हता. सकाळी बाथरूममधून तो आवाज यायचा आणि धाकटा अंथरुणात डोळे घट्ट मिटून घ्यायचा. कवळीचा पेला. पाण्यात फुगल्यासारखे दिसणारे दात आणि ती गुलाबी हिरडी, अगदी त्याच्या टूथब्रशला लागून. त्याने एक दिवस मुकाट्याने आपला ब्रश उचलून बेडरूममध्ये नेला. दुसऱ्या दिवसापासून पेलाही जागेवरून नाहीसा झाला. पुढे कधीतरी तो त्याला खिडकीच्या पडद्यामागे सापडला. म्हणजे दादाने पाहिलं होतं. त्या दिवशी त्याला लाज वाटायला हवी होती. आला तो राग, आणि रागाच्या तळाशी पुन्हा तीच किळस. याच हातांनी दादाने लहानपणी त्याचं नाक पुसलं होतं, तेही आपल्या शर्टाच्या बाहीने, आणि ती बाही तशीच घेऊन तो शाळेत गेला होता. हे आठवलं की ती आणखी वाढायची. दादाला तेव्हा किळस आली नव्हती, आणि आपल्याला आता येते, याचा हिशेब काही केल्या जुळत नसे.

जेवताना दादा म्हणाला, "फर्स्टक्लास झालंय." हे तो रोज म्हणायचा, पहिला घास तोंडात जायच्या आधीच. बायकोने मान खाली घालून वाढलं. मग दादाने हळूच विषय काढला. "तो हॉटेलवाला खोलीचं बोलला ना? मी खालून ऐकलं. दार आहे का रे तिला?"

"खोली म्हटल्यावर दार असणारच."

"तसं नाही. हॉलही खोलीच असते की." तक्रार करायची म्हणून नव्हे, नुसती माहिती द्यावी तसं तो म्हणाला.

"दादा, तुला तिथे रोज तेच बोलावं लागेल. येईल त्याच्यापुढे. दिवसभर."

"मग इथे काय मी वेगवेगळं बोलतो?"

"तुला किळस नाही येत?"

"कशाची?" दादाने खरोखर विचार केला. घास गालात तसाच धरून विचार केला, आणि धाकट्याने नजर वळवली. "लोक माझ्याकडे बघतात रे. उतरताना हात देतात. एकाने तर माझ्याबरोबर फोटो काढला आणि मला विचारलं, मी कसा आलोय. मला कोण असं विचारतं? तू इंजिन देतोयस ना त्याला? मग मलाही देऊन टाक." आणि तो हसला. कवळी किंचित सुटली, ती त्याने जिभेने जागेवर बसवली. "दोन जुनी एकदम. तेवढीच तुझ्या यार्डात जागा होईल."

बेडरूममध्ये बायको उशीला अभ्रा घालत होती. "खोटं कशाला बोलू," ती म्हणाली, "भाऊजी गेले तर मला सुटल्यासारखं वाटेल. आणि त्यांनाही वाटेल. पाहुण्यासारखं किती वर्षं राहायचं माणसाने? फक्त त्यांना चक्कर येते हे त्या माणसाला सांगणार आहात का?" धाकट्याने गजराचं घड्याळ उचलून किल्ली दिली. "नाही, विचारल्याशिवाय सांगायचं नाही असा तुमचा नियम आहे म्हणे," ती म्हणाली आणि अभ्र्याची गाठ मारली.

दादाला चक्कर यायची. पायरी चढताना, मान वर केल्यावर, कधी उगाचच. एकदा बाथरूमच्या दारात तो घसरत खाली बसला आणि वर, नळाची गळती बघतोय असं सांगितलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, उंचावर एकटं उभं करायचं नाही, यंत्राजवळ तर नाहीच. यार्डात निभत होतं, कारण इंजिन जेमतेम शेडपासून फाटकापर्यंत जायचं आणि तेवढा वेळ मिस्त्री मागे उभा राहून दादाचा कमरेचा पट्टा मुठीत धरून ठेवायचा. गिऱ्हाइकाला वाटायचं, शिष्य गुरूच्या मागे अदबीने उभा आहे. तिकडे बागेत पट्टा कोण धरणार? रुळांच्या वळणावर, पाहुण्यांची मुलं डब्यात किंचाळत असताना? हे सगळं धाकट्याला दिसत होतं. आणि त्याबरोबर हेही दिसत होतं, की हॉलमधली खिडकी मोकळी झाली आहे, पडद्यांना वास येत नाही, आणि सकाळी घरात कुणी खाकरत नाही. कोणतं चित्र आधी आलं आणि कोणतं नंतर, हे त्याला ठरवता येईना. शेजारच्या हॉलमधून सोफ्याच्या स्प्रिंगचा आवाज येत राहिला.

इंजिन न्यायच्या दिवशी यार्डात क्रेन आली, लांबलचक ट्रेलर आला, आणि हॉटेलवाला शर्टाच्या बाह्या दुमडून, हातात बॅटरी घेऊन आला. उत्साहाने त्याचे कान लाल झाले होते. दादाची ट्रंक आधीच फाटकापाशी उतरवून ठेवलेली होती. वर घडी केलेलं पांघरूण. "एकदा खालून नजर टाकतो, मग उचला," असं म्हणत हॉटेलवाला इंजिनाच्या खालच्या अंगाकडे निघाला. मिस्त्रीने धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने पाहिलंच नाही असं दाखवलं. चिरेपासून पाचसहा पावलांवर दादा उभा होता, टोपी घालून, छाती काढून, आणि हॉटेलवाला त्याच्यापाशी थांबला. त्याने दादाच्या पाठीवर हात ठेवला, तळवा सपाट करून. "तब्येत वगैरे ठीक असते ना यांची?" त्याने धाकट्याला विचारलं. दादाला नाही, धाकट्याला. "रोजचं काम, पाहुणे असणार, पोरंबाळं असणार, म्हणून आपलं विचारलं."

'ठणठणीत' हा शब्द धाकट्याच्या जिभेवर तयार होता. असे शब्द त्याच्या जिभेवर नेहमीच तयार असत. दादा आणखी ताठ झाला, हनुवटी वर केली, आणि त्याच्या मिशीवर ऊन पडलं. मिशी काळीभोर होती. काल रात्रीपर्यंत पांढरी होती. धाकट्याने निरखून पाहिलं: एका बाजूला, ओठाच्या कोपऱ्यात, काळं जरासं ओघळलं होतं, आणि तो तेलकट, निळसर काळेपणा त्याच्या ओळखीचा होता. मिस्त्रीच्या डब्यातली काजळी. त्याच डब्यातली. दादाने सकाळी शेडमध्ये जाऊन, कुणाला न सांगता, स्वतःच्या हाताने ती लावून घेतली होती, आणि आता तो धाकट्याकडे बघत होता. विनवत नव्हता, नुसता साथ देत होता, बोल तू, मी उभा आहे नीट. इतकी वर्षं थोडी थोडी साठलेली सगळी किळस, वकिलाचा गाल, रुमालातला गंज, डावा डोळा, पाण्यातले दात, स्वतःचं हसणं, एकदम घशाशी आली, आणि तोंड उघडलं तेव्हा त्याला वाटलं की आपण ओकणार. पण बाहेर पडले ते शब्द.

"चक्कर येते त्यांना. कधीही येते. तुम्ही पाहिलंत तेव्हा मिस्त्रीने मागून पट्टा धरला होता, म्हणून उभे होते. डॉक्टरांनी चढू नका म्हणून सांगितलंय."

क्रेनवाल्याने नेमकं तेव्हाच यंत्र बंद केल्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. हॉटेलवाल्याने दादाच्या पाठीवरचा हात काढून घेतला. धाकट्याला विलक्षण हलकं वाटलं. ओकून झाल्यावर वाटतं तसं हलकं, डोळ्यांत पाणी आणि कपाळावर गार घाम. आपण एक चांगली गोष्ट केली, असा विचार त्याच्या मनात आला. खरोखर आला, पुढे कितीतरी दिवस तो विचार आठवला की त्याला मान झटकावी लागायची. "अरेरे," हॉटेलवाला म्हणाला. "मग राहू द्या. जोखीम नको. नुसतं इंजिन नेतो." आणि मग धाकट्याकडे वळून, त्याचा हात आपल्या दोन्ही ओलसर हातांत घेऊन तो म्हणाला, "पण तुम्हाला मानलं बुवा. सख्ख्या भावाचं व्यंग झाकलं नाहीत. असा माणूस या धंद्यात मला भेटला नाही. आता इंजिनात काय बघायचं राहिलं!" त्याने बॅटरी विझवली आणि खिशात घातली. "उचला रे!"

हीच वेळ होती. नुसतं 'थांबा' म्हणायचं होतं. धाकट्याचं तोंड अजून उघडंच होतं, हवा आत जात होती, बाहेर येत होती. पण ते हलकेपण इतकं ताजं होतं, आणि हॉटेलवाल्याच्या डोळ्यांतला आदर इतका अनोळखी, की त्याला तो एवढ्यात परत करवेना. शिवाय विचारलं कुणी होतं? साखळ्या ताणल्या गेल्या. इंजिन रुळांवरून सुटलं, किंचित डोललं, आणि त्याचं काळं पोट सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ट्रेलरवर जाऊन बसलं. मिस्त्री पाठ करून उभा राहिला. दादा मात्र शेवटपर्यंत बघत होता. मग तो फाटकापाशी गेला, ट्रंकेवरचं पांघरूण उचललं, आणि ट्रंक गाडीत ठेवायला कुणी येईल याची वाट बघत थांबला.

परत येताना गाडी मुंगीच्या पावलाने चालली होती. गाड्यांची रांग लागली होती, सिग्नल सुटत नव्हता, पुढच्या ट्रकचा धूर काचेवर येत होता. दादाने मिशी पुसली होती, तरी वरच्या ओठावर करडा डाग राहिला होता. त्या डागाकडे बघायचं नाही असं ठरवून धाकटा रस्त्याकडे बघत होता.

"दादा," तो शेवटी म्हणाला, "तू पडला असतास तिथे. एखादं पोर खाली आलं असतं."

"पडलो असतो," दादा म्हणाला. "तू सांगितलंस त्यात खोटं काही नाही."

ट्रक हलला. धाकट्याने गिअर टाकला, आणि त्याला वाटलं, सुटलो.

"पण त्या इंजिनाची चीर झाकलीस," दादा पुढे म्हणाला, अजिबात आवाज न चढवता, त्याच्या घरच्या, सपाट आवाजात, "आणि माझी तेवढी उघडी केलीस. एक दिवस तरी उलटं करायचं होतंस."